परदेशी निघालेल्यांनी आवाजाचीही तयारी करावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर आणि जानेवारी हे परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशाचे मुख्य हंगाम. त्याआधी कोल्हापुरात मार्गदर्शन शिबिरांची रांग लागते. व्हिसा, शैक्षणिक कर्ज, विमा, इंग्रजीची परीक्षा, थंडीचे कपडे, सगळ्यावर बोलणे होते. आवाजाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. पोहोचल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांत झोप उडवणारी, शेजाऱ्यांशी वाकडे आणणारी आणि प्रसंगी खोली सोडायला लावणारी गोष्ट बऱ्याचदा हीच असते. आम्ही काही जण बांधकामाच्या आणि इमारतींच्या ध्वनिरोधनाच्या कामात आहोत. मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना उपयोगी पडेल असे काही तपशिलात लिहीत आहोत. आपण जागा द्यावी, ही विनंती.

‘तिकडे तर सगळे शांत असते, मग त्रास कसला?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. त्रास पुष्कळदा त्या शांततेमुळेच होतो. मंगळवार पेठेतल्या किंवा शाहूपुरीतल्या खोलीत रात्रभर छताचा पंखा फिरत असतो. तीन-चार नंबरवरचा पंखा पलंगापाशी साधारण ४० ते ५० डेसिबलचा एकसारखा आवाज देतो. त्याच्याखाली कुत्र्यांचे भुंकणे, वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची, लांबच्या ट्रकचा बदललेला गिअर, सगळे दबून जाते. इंग्लंड-जर्मनीतल्या बहुतेक घरांत छताला पंखा नसतो आणि खिडक्यांना दुहेरी काच असते. खोली २५ ते ३० डेसिबलपर्यंत उतरते. अशा खोलीत ४० डेसिबलचे एक पाऊल वाजले, तर ते भोवतालच्या आवाजापेक्षा १० ते १५ डेसिबल वर उठते. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे ते पाऊल का टोचते ते कळेल. कोल्हापुरात तेच पाऊल पंख्याच्या आवाजात बुडून गेले असते. झोपेतला माणूस दचकतो तो नुसत्या मोठ्या आवाजाने नाही. तो आवाज भोवतालापेक्षा किती वर उठला आणि किती अचानक आला, यावर ते ठरते.

म्हणून पहिला उपाय म्हणजे पंखा परत आणणे. एक छोटा टेबलफॅन पलंगापासून दीड-दोन मीटरवर ठेवावा आणि त्याचे तोंड भिंतीकडे करावे. थंडीत अंगावर वारा येत नाही, आवाज मात्र खोलीभर पसरतो. उशीपाशी ४० ते ४५ डेसिबल भरले की पुरे; त्याहून वाढवले तर तोच आवाज झोपेच्या मुळावर येतो. मोबाईलवरच्या मोफत मापकाने अंदाज येतो, फक्त त्यात पाच-सहा डेसिबलची चूक सहज असू शकते, हे धरून चालावे. पंखा नसेल तर पावसाचा किंवा धबधब्यासारखा सलग आवाज मोबाईलवर लावता येतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे अर्ध्या मिनिटाची फीत पुन्हा पुन्हा वाजवणे. प्रत्येक सांध्यावर एक बारीक खाच पडते, कान ती पकडतो आणि मग पुढच्या खाचेची वाट बघत जागा राहतो. तासाभराची सलग फीत निवडावी आणि ती इयरफोनमधून न लावता लहान स्पीकरवर लावावी. दोन-तीन आठवड्यांनी आवाज थोडा थोडा उतरवत न्यावा. जानेवारीत जाणाऱ्यांना एक गोष्ट इथेच करता येते. डिसेंबरात कोल्हापुरात पंखा बंद ठेवून झोपता येते. आठवडाभर तसे झोपून पाहावे. कशाने जाग येते ते घरीच कळेल.

शांत खोलीत काहींना कानात बारीक गुंई ऐकू येते आणि ते घाबरतात. फार शांत जागेत धडधाकट कानाच्या पुष्कळ माणसांनाही ती ऐकू येते. ती एकाच कानात असेल, सतत राहत असेल, सोबत चक्कर किंवा कमी ऐकू येणे असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

‘होईल सवय’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. ओळखीच्या आवाजाने जाग येणे काही आठवड्यांत कमी होते. पण जाग आली नाही तरी झोपेत हृदयाची गती त्या आवाजाला प्रतिसाद देतच राहते, ती पूर्णपणे सरावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलपर्यंत आणि मध्येच येणारा एखादा आवाज ४५ डेसिबलपर्यंत असावा, असे म्हटले आहे. वर सांगितलेला पंख्याचा ४० ते ४५ चा आवाज या सलग मर्यादेच्या वरचा आहे, म्हणूनच तो पहिल्या काही आठवड्यांपुरता ठेवून पुढे उतरवत न्यायचा. खोली मोठ्या रस्त्याला लागून असेल आणि खिडकी लावूनही रात्रभर ५० च्या वर काटा जात असेल, तर तिथे सरावत बसू नये, खोली बदलावी.

आता घरांच्या बांधणीकडे येतो. आपल्याकडे साडेचार-पाच इंची काँक्रीटचा स्लॅब आणि सहा किंवा नऊ इंची विटांच्या गिलावा केलेल्या भिंती. वजन भरपूर, म्हणून शेजारचे बोलणे सहसा भिंत ओलांडत नाही. आपल्याकडचा आवाज येतो तो उघड्या खिडक्यांतून. अमेरिकेतली बरीच घरे आणि तीन-चार मजली इमारती लाकडी सांगाड्याच्या असतात: चार-सहा इंची लाकडी उभे वासे आणि दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण इंची जिप्समचा बोर्ड. इंग्लंडमध्ये जुन्या घराची बाहेरची भिंत विटांची दिसते, पण आतले मजले लाकडी तुळयांवर फळ्या ठोकलेले असतात. अशा मजल्यावर टाच आपटली की तुळई आणि खालचे छत एकदम हलते. तो ‘धब्’ आवाज हवेतून येत नाही, लाकडातून येतो. म्हणून हवेतला आणि धक्क्याचा, असे आवाजाचे दोन प्रकार वेगळे ओळखायला शिकावे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

इमारतींच्या नियमांतही ते वेगळेच मोजतात. इंग्लंडमध्ये २००३ पासूनच्या नियमांनुसार नव्या घरांत दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीने आणि मजल्याने हवेतला आवाज किमान ४५ डेसिबल अडवला पाहिजे आणि मजल्यावरचा धक्क्याचा आवाज खाली ६२ च्या वर जाता कामा नये. जुनी इमारत बदलून तिच्यात घरे केली असतील तर हेच आकडे ४३ आणि ६४ होतात. अमेरिकेच्या नमुना बांधकाम संहितेत दोन्हींसाठी किमान ५० हा अडवणुकीचा गुणांक धरतात, प्रत्यक्ष जागेवर मोजला तर ४५ चालतो. पण हे नियम दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतींचे आहेत. आपली मुले राहतात ती बहुधा एकाच घरातल्या चार-पाच खोल्यांपैकी एकीत. एकाच बिऱ्हाडातल्या खोल्यांमधल्या भिंतीकडून नियमाची अपेक्षा फारच कमी असते, काही ठिकाणी तर अजिबात नसते. शेजारच्या खोलीतला फोन शब्दाशब्दाने ऐकू आला, तर त्यात शेजाऱ्याचा दोष नसतो, भिंतच तेवढी असते.

यावरून खोली कशी निवडावी ते आपोआप ठरते. जमल्यास सगळ्यात वरचा मजला घ्यावा, डोक्यावर पावले राहत नाहीत. रस्त्याकडची खोली सोडून मागच्या अंगणाकडची घ्यावी. नकाशावर दोनशे मीटरच्या आत बार, अग्निशमन केंद्र, रुग्णालय किंवा ट्रामचे वळण आहे का पाहावे. ट्राम सरळ रुळांवर फारसा आवाज करत नाही, वळणावर मात्र चाके किंचाळतात. लिफ्ट, कचऱ्याची खोली आणि पाणी तापवण्याचे यंत्र पलंगाच्या भिंतीला लागून नसावे. व्हिडिओवर खोली दाखवत असतील तर दाखवणाऱ्याला एवढेच सांगावे: खिडकी लावून एक मिनिट काही बोलू नका, मग खिडकी उघडून आणखी एक मिनिट तसेच थांबा. त्या दोन मिनिटांत जे कळते ते बाकी सगळ्या चित्रफितीत कळत नाही. स्वतः जाऊन पाहणे शक्य असेल तर शुक्रवारी रात्री दहानंतर जावे.

खोली घेतल्यावर मुले पहिला खर्च करतात तो भिंतीला फोमचे तुकडे चिकटवण्यावर. हे पैसे वाया जातात, हे आम्ही अगदी ठामपणे सांगतो. फोममुळे खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज कमी होतो; पलीकडचा आवाज तो अडवत नाही, कारण त्याला वजन नाही. अंड्यांच्या ट्रेचीही तीच गत. आवाज अडतो तो वजनाने, फटी बुजवल्याने आणि दोन थर एकमेकांपासून सुटे ठेवल्याने. भाड्याच्या खोलीत भिंतीचे वजन वाढवता येत नाही, पण फटी बुजवता येतात, आणि खरा फरक तिथेच पडतो. भिंत कितीही चांगली असो, तिच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का उघडी फट असली तर एकूण अडवणूक २० डेसिबलच्या आसपास अडकून पडते. दाराच्या खालची बोटभर फट दाराच्या क्षेत्रफळाच्या जवळपास तेवढीच भरते. दाराखाली रबरी पट्टी, चौकटीला चिकटणारी फोमची पट्टी, एवढे दीड-दोन तासांचे काम आहे. पट्टी चिकटवण्याआधी चौकट स्पिरिटने पुसून कोरडी करावी, नाहीतर आठवड्यात सुटते. एक इशारा मात्र आहे. खिडकीच्या चौकटीवरची हवेची बारीक झडप आणि गॅसच्या उपकरणाजवळचे हवेचे छिद्र कधीही बुजवू नये. पहिल्याने भिंतीला बुरशी धरते, दुसऱ्याने जीवावर बेतू शकते.

कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांवर लिहिलेला ३३ किंवा ३७ चा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात निम्मे मिळते, कारण बहुतेक जण बोळा अर्धाच घालतात. हात धुऊन बोळा तीन बोटांत वळून बारीक नळी करावी. दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, नळी आत सरकवावी आणि २० ते ३० सेकंद बोटाने धरून ठेवावी, म्हणजे ती आत फुगते. आपलेच बोलणे डोक्यात घुमल्यासारखे वाटले की बोळा नीट बसला. बोळा धुऊ नये. मळला की टाकून द्यावा. पावलांच्या जाड, खालच्या आवाजाला बोळे कमी पडतात, त्याला पंखाच बरा. आवाज रद्द करणारे हेडफोन विमानाच्या किंवा यंत्राच्या सलग घरघरीवर चांगले चालतात, बोलण्यावर आणि अचानक वाजणाऱ्या गोष्टींवर फारसे नाहीत. आणि बाहेरचा आवाज झाकायला गाणी मोठी करत जाऊ नये. मोठ्या माणसासाठी आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो.

हिवाळ्यात भिंतीतून कोणी हातोडा मारल्यासारखे आवाज येतात, ते बहुधा रेडिएटरचे असतात. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी जुन्या इमारती वाफेवर तापवतात. एकाच नळीने वाफ वर येते आणि थंड झालेले पाणी त्याच नळीने परत जाते. खालची चावी अर्धवट उघडी ठेवली की पाणी अडते, वाफ त्या पाण्यावर आदळते आणि नळी ठोकल्यासारखी वाजते. म्हणून ती चावी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, मधे कुठेही नाही. रेडिएटरचा कल चावीच्या बाजूला असावा; नसेल तर इमारतीच्या देखभाल करणाऱ्याला सांगून खाली पाचर घालून घ्यावी. युरोपात बहुधा गरम पाण्याचे रेडिएटर असतात. त्यात गुडगुड वाजली तर आत हवा अडकलेली असते. हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्यावा, खाली कप आणि फडके धरावे आणि वरच्या कोपऱ्यातला बारीक स्क्रू छोट्या किल्लीने पाव ते अर्धा फेरा उलटा फिरवावा. फुस्स करून हवा जाते. पाण्याचे थेंब आले की लगेच बंद करावे. त्यानंतर पाण्याचा दाब उतरू शकतो, म्हणून घरमालकाला आधी विचारून मगच हे करावे.

धुराच्या गजराचा आवाज तीन मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास असतो, आणि मराठी स्वयंपाकाला तो फार लवकर वाजतो. मिरच्या भाजणे, मोहरी-हिंगाची कडक फोडणी, सुक्या खोबऱ्याचे भाजणे ही तीन मुख्य कारणे. वसतिगृहात एक गजर वाजला की अख्खी इमारत थंडीत खाली उतरते आणि कित्येक ठिकाणी अग्निशमन दल आपोआप येते. त्यामुळे कांदा-लसूण मसाला तिथे करायचा विचार सोडून द्यावा. घरी भाजून-कुटून, डंकावरून आणून, हवाबंद पाकिटातून न्यावा. फोडणीला आधी वरचा पंखा सुरू करावा, खिडकी उघडावी, स्वयंपाकघराचे दार लावावे आणि तेल धुरावण्याआधी मोहरी टाकावी. गजराला प्लास्टिकची पिशवी बांधणे किंवा बॅटरी काढून ठेवणे हे जीवाशी खेळणे आहे, शिवाय भाडेकरार मोडण्याचे कारणही. दर ३० ते ६० सेकंदांनी एकच ‘टिक’ वाजत असेल तर धूर नाही, बॅटरी उतरली आहे. हे बहुधा पहाटे सुरू होते, कारण खोली गार पडली की बॅटरीचा दाब आणखी घसरतो. नवी बॅटरी घालूनही थांबले नाही तर यंत्राचेच आयुष्य संपले. ते साधारण दहा वर्षांचे असते.

आपण करतो तो आवाज हा या पत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तो मुख्यतः स्वयंपाकघरातला. आपला मिक्सर हातभर अंतरावर ८५ डेसिबलच्या पुढे जातो. तो ज्या ओट्यावर ठेवतो तो शेजाऱ्याच्या भिंतीला ठोकलेला असेल तर भिंतीच्या पलीकडे तो घरघर पोहोचवतो. मिक्सर सुट्या टेबलावर, १० ते १२ मिलिमीटर जाड रबरी चटईवर ठेवावा. जाड टॉवेलात रुतवू नये. बुडाची हवेची भोके बंद झाली की मोटर तापते आणि खालचे लाल बटण पडते. कपलर, म्हणजे भांडे मोटरला जोडणारा दातेरी तुकडा, झिजला असेल तर खडखड दुप्पट होते, म्हणून नवा कपलर सोबत न्यावा. शेंगदाणे, खोबरे, आले-लसूण असे आठवड्याचे वाटण शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास एकदाच करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावे. अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, तिथे इथला मिक्सर नुसत्या अडॅप्टरवर चालत नाही. ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तोही गुणगुणतो. तिथे तिथल्या व्होल्टचाच घ्यावा.

कुकरची शिट्टी आपल्याला वेळ सांगते, ज्याने कधी ऐकली नाही त्याला ती गॅस फुटल्यासारखी वाटते. शिट्ट्या मोजणे सोडून मिनिटे मोजावीत. पहिली शिट्टी होऊ द्यावी आणि आच मंद करावी. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला त्यानंतर ८ ते १० मिनिटे पुरतात, भाताला ४-५. पण तिथल्या विजेच्या तबकडीच्या शेगडीवर बटण फिरवले तरी तबकडी दोन-तीन मिनिटे तापलेलीच राहते आणि शिट्ट्या चालू राहतात. दुसरी तबकडी आधीच मंदवर लावून ठेवावी आणि पहिली शिट्टी होताच कुकर तिच्यावर सरकवावा. इंडक्शनवर साधा अॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही, चुंबक चिकटेल असा तळ लागतो. शिट्टीवर फडके टाकून आवाज दाबायचा प्रयत्न कधीही करू नये.

खलबत्त्यात ठेचा कुटणे आणि परात जमिनीवर घेऊन भाकरी थापणे, हे दोन आवाज लाकडी मजल्यातून थेट खाली उतरतात. खालच्या माणसाला डोक्यावर हलगी वाजल्यासारखे वाटते. परात ओट्यावर, दुहेरी घडीच्या ओल्या फडक्यावर ठेवावी. फडके ओले हवे, कोरडे सरकते. खलबत्ता ओट्याच्या मधोमध न ठेवता जिथे खाली कपाटाचा पाय येतो तिथे जाड टॉवेलावर ठेवावा. मधोमध ओटा ताशासारखा घुमतो. पोळपाटाच्या तिन्ही पायांखालीही तेच ओले फडके. खुर्च्यांच्या पायांना तीन ते पाच मिलिमीटर जाड नमद्याच्या (फेल्टच्या) चकत्या लावाव्यात आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाहाव्यात, त्या झिजतात आणि सुटतात. घरात मऊ तळव्याची चप्पल घालावी. आपण बहुतेक जण अनवाणी टाच टेकवून चालतो, आणि वरच्या मजल्याबद्दल येणाऱ्या तक्रारींत टाच पुष्कळदा असते.

फोनचा हिशेब घरच्यांनीही लक्षात ठेवावा. कोल्हापुरात सकाळी सात वाजता लावलेला फोन लंडनमध्ये उन्हाळ्यात अडीचला आणि हिवाळ्यात दीडला वाजतो, बर्लिनमध्ये साडेतीनला आणि अडीचला. न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ म्हणजे आदल्या रात्रीचे अकरा, हिवाळ्यात दहा. त्या वेळी पातळ भिंतीच्या खोलीत स्पीकरवर चाललेली घरभराची चौकशी पलीकडची माणसे ऐकत असतात. रविवारी संध्याकाळी सातची वेळ धरली तर लंडनला दुपार आणि न्यूयॉर्कला सकाळ असते, कोणाची झोप मोडत नाही. बाळंतपणाला जाणाऱ्या आजी-आजोबांनी पहाटेची पूजा मनोभावे करावी, घंटा मात्र सात-आठनंतर वाजवावी. आणि कमी ऐकू येत असेल तर टीव्हीसाठी बिनतारी हेडफोन घ्यावा.

नियम देशागणिक वेगळे आहेत, पण थोडे माहीत असावेत. जर्मनीत रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ, आणि रविवार व सुट्टीचा दिवस पूर्ण शांततेचा. ड्रिल चालवणे, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकणे रविवारी चालत नाही. वस्तीत गवत कापायचे यंत्र इतर दिवशीही रात्री ८ ते सकाळी ७ बंद. बऱ्याच इमारतींच्या घरनियमांत दुपारी १ ते ३ ची वेळही असते, म्हणून करारासोबतचा तो कागद वाचूनच सही करावी. इंग्लंडमध्ये रात्री ११ ते सकाळी ७ ही वेळ. मर्यादा ओलांडून ताकीद मिळाल्यावरही थांबले नाही तर ११० पौंड दंड होऊ शकतो. गंमत म्हणजे फटाक्यांना तिथे रात्री ११ नंतर बंदी आहे, पण दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत सवलत आहे. न्यूयॉर्कमध्ये रात्री १० ते सकाळी ७, आणि तक्रार शहराच्या ३११ या क्रमांकावर करायची, आणीबाणीच्या ९११ वर नाही. इंग्लंडमध्ये वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवता येत नाही. इथून गाडी शिकून गेलेल्यांचा हात सवयीने तिकडे जातो. आणि फ्रान्समध्ये महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी, स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी, जर्मनीत सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी भोंगे वाजतात, ती चाचणी असते. घाबरून जाऊ नये.

आपल्याविरुद्ध तक्रार आली तर कोणता आवाज आणि किती वाजता, एवढेच शांतपणे विचारावे आणि तो बदलावा. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. आपली तक्रार असेल तर आधी दोन आठवडे वहीत तारीख, सुरू-बंद वेळ, आवाजाचा प्रकार आणि झोप मोडली का, हे लिहावे. मग शेजाऱ्याशी दिवसा, दारात उभे राहून बोलावे. रात्री दोन वाजता भिंतीवर बुक्क्या मारून काही साधत नाही. ऐकले नाही तर घरमालक किंवा वसतिगृहाचा प्रतिनिधी, त्यानंतर नगरपालिकेचा विभाग. इंग्लंडमध्ये १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली नगरपालिका नोटीस काढू शकते, आणि तिथे ती वही पुरावा म्हणून कामी येते. जर्मनीत आवाजामुळे भाडे कमी करून घेता येते, पण भाडेकरू संघटनेचा सल्ला घेतल्याशिवाय आपल्या मनाने भाडे कापू नये, घर जाण्याची वेळ येऊ शकते.

आणखी एक बाब वर्गातली आहे. परकी भाषा गोंगाटात समजायला बोलणारा आणि गोंगाट यांच्यात जास्त अंतर लागते. शांत खोलीत सगळे कळणारा विद्यार्थी कँटीनमध्ये गोंधळतो. पहिल्या तीन रांगांत, एसीच्या झरोक्यापासून लांब बसावे. हॉटेलात आपली पाठ भिंतीकडे ठेवावी आणि बोलणाऱ्याचे ओठ दिसतील असे बसावे. उद्यमनगरात लेथवर किंवा फाउंड्रीत काम केलेल्या मुलांनी जाण्याआधी कानाची तपासणी करून आलेख सोबत घ्यावा.

शिवाजी विद्यापीठ, इथली अभियांत्रिकी महाविद्यालये आणि मार्गदर्शन केंद्रे यांनी जाण्याआधीच्या सत्रात या विषयाला तासभर द्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. जानेवारीत निघणारे लवकरच बॅगा भरायला काढतील. त्यात फोमच्या बोळ्यांचे एक पाकीट, नमद्याच्या चकत्या, मिक्सरचा कपलर, कुकरची जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, मऊ चप्पल आणि घरचा कांदा-लसूण मसाला एवढे बसते. वजन मसाल्यासकट दोन किलोच्या आत राहते. दाराची पट्टी आणि टेबलफॅन तिथे कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते इथून नेऊ नयेत.

आपले,
बांधकाम व ध्वनिरोधन क्षेत्रातील काही वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर